कोपरा कुणी फाडला

ब्रीझे वेर्दिएर
१४ जून १९६४

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

चंद्रकले,

पाकिटावरचं अक्षर इंद्राणीचं आहे. माझं अक्षर पाहून तू आधीची दोन्ही पाकिटं न फोडता परत धाडलीस, म्हणून या वेळी लेकीकडून पत्ता लिहून घेतला. ही लबाडीच झाली, मला कळतं. परत आलेली ती पाकिटं उसवून, उलटी करून मी पुन्हा चिकटवली. त्यांतलंच हे एक.

आशीर्वाद लिहायला हात धजेना. म्हणून नुसतं तुझं नाव लिहिलंय.

आधी आईंचं सांगते. त्यांचा डावा डोळा पार गेला. उजव्यानं माणसाची सावली तेवढी कळते. फाटक वाजलं की विचारतात, "कोन गो, चंद्रा?" मी म्हणते, "नाही आई, वारा." गेल्या गणपतीत तू ओटी न घेता दुपारच्या बसनं निघून गेलीस, ते त्यांना अजून उलगडलेलं नाही. आधी वाटलं, जावयांचं काही बिनसलं. आता म्हणतात, "माझ्याच हातनं कायतरी चुकलं असंल." मी पोळपाटावरचं पीठ झाडत राहते.

यंदा गणपती दहा सप्टेंबरला बसतो. तू ये. राधाकृष्णरावांना विमानतळावर रजा मिळाली नाही तर बाळाला घेऊन एकटी ये. बेटाच्या त्या टोकाहून, प्लेन मान्येनहून, बस बदलत यावं लागतं, पण तुझे दादा सांत्र द फ्लाकला येऊन थांबतील. मी डोळ्यांसमोर नको असेन तर ते तीन दिवस मी माझ्या भावाकडे जाईन. नैवेद्याचं सगळं करून ठेवून जाईन. पण आईंसाठी ये.

आता त्या पत्राबद्दल. गेल्या वर्षी तू मला बोलूच दिलं नाहीस, तेव्हा इथे लिहिते.

एकसष्ट सालचा मे महिना होता. तू निर्मलेबरोबर बाजाराला गेली होतीस. तिच्या भावाचं, कृष्णदेवचं पत्र इंग्लंडहून आलं. वर तुझं नाव. पाकिटाचा कोपरा फाटका होता. आपल्यात मयताचं पत्र कोपरा फाडून धाडतात, तुला ठाऊक आहे. असं पत्र घरात ठेवायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं, वाचून पाण्यात सोडायचं आणि अंघोळ करूनच आत यायचं. मी घाबरले. तू घरी नव्हतीस. म्हणून बाहेर जाऊन फोडलं.

मयत कुणाचंच नव्हतं. त्यानं लिहिलं होतं की त्याच्या हॉस्पिटलात मुलींनाही नर्सिंगला घेतात, सोबतचा फॉर्म भरून जुलै संपायच्या आत पाठव, पुढचं मी बघतो. आणि खाली लिहिलं होतं, तुझं उत्तर आलं नाही तर तुझी इच्छा नाही असं समजेन, पुन्हा त्रास देणार नाही.

ते तुला द्यायला हवं होतं. दिलं नाही. लिहिलेला कागद टाकवत नाही म्हणून पत्र पोथीच्या फडक्यात बांधून ठेवलं. फॉर्म चांगल्या जाड कागदाचा होता आणि मागे कोरा होता, त्यावर मी गणपतीची यादी लिहिली. दूर्वा, कापूर, खोबरं, जानवं. दोन वर्षं त्याच यादीवरून पूजेचं सामान आणलं. तिसऱ्या वर्षी ती यादी तुझ्या हातात दिली, आणि तू ती उलटून पाहिलीस. यादी तू घेऊन गेलीस. त्या साली कापूर आणायचा राहिला.

चूक झाली, चंद्रकले. पण मन कलुषित नव्हतं. तू विशीतली, तो परदेशात, गावात बोभाटा झाला असता. आणि बघ, राधाकृष्णराव किती भले निघाले. तुझं वाईट तर झालं नाही ना?

वाट पाहते.

तुझी
वहिनी


ब्रीझे वेर्दिएर
५ जुलै १९६४

चंद्रकले,

तुझं कार्ड पोचलं. माझ्याआधी गावाला पोचलं.

बलराम फाक्तेर टपालाची पिशवी घेऊन सायकलवरून उतरला तोच हसत. "मादाम, कोपरा कुणाचा फाटला हो?" संध्याकाळच्या मराठीच्या वर्गात त्याला जोडाक्षरं मीच शिकवली. वाण्याच्या लाबुतिकात तांदूळ घ्यायला गेले तर तिथंही दोघीजणी बोलता बोलता गप्प झाल्या. चांगलंच झालं. मी तुझं बंद पत्र वाचलं, गावानं माझं उघडं वाचलं.

कार्ड समोर ठेवून लिहिते आहे. तू लिहिलंस, "कार्ड पाठवते, म्हणजे फोडायचे कष्ट नकोत. माझं चांगलं झालं ते माझ्या नशिबानं, ते तुमच्या नावावर मांडू नका. त्याच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळच असते, चारी कोपरे शाबूत, सगळं कुशल. मग कोपरा कुणी फाडला? आईसमोर खरं सांगाल त्या गणपतीला मी येईन."

ती ओळ मलाही आठवते. परदेशचं पाकीट दिसलं की त्याच्या आईचा, भगवतीकाकूंचा जीव उडतो, म्हणून कृष्णदेव प्रत्येक पत्राची सुरुवात तशीच करायचा. पण पत्र वाटेत किती हातांतून जातं! विमानातून उतरतं, पिशव्यांत कोंबलं जातं, सायकलवर उन्हापावसात फिरतं. वाटेत फाटला असेल. गावाची पत्रं मी जिच्यात टिपते त्या टपालाच्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे. कुणाचं, कुणाला, आणि शेवटच्या रकान्यात, "कोपरा फाटका". हवं तर येऊन बघ.

आईंना तू म्हणतेस ते सांगणं सोपं नाही. का, ते सांगते. ही गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे.

पत्र वाचून मी मागल्या दारी आले तेव्हा आई नळापाशी उभ्या होत्या. डोळे तेव्हा धड होते. माझ्या हातातलं पाकीट पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "कोन गेलं गो?" आता कोपरा फाटका म्हटल्यावर कुणीतरी जायलाच हवं. मी म्हटलं, "कृष्णदेवची घरमालकीण." "म्हातारी व्हती?" "हो." "नाव काय तिचं?" समोर नळाशेजारी साबणाची वडी होती, तिच्या कागदावर गुलाब होता. मी म्हटलं, "रोझ."

तू चारच्या बसनं आलीस तेव्हा आई ओल्या केसांनी बसल्या होत्या. तुला मी तेच सांगितलं. पत्र रिवाजाप्रमाणे पाण्यात सोडलं म्हणून सांगितलं. तू भाजीची पिशवी खाली ठेवलीस आणि विचारलंस, "अजून काही लिहिलं होतं, वहिनी?" मी म्हटलं, "सगळ्यांना नमस्कार."

तू "बरं" म्हणालीस आणि वांगी निवडायला बसलीस.

दुसऱ्या दिवशी आई भगवतीकाकूंकडे समाचाराला गेल्या. "तुझ्या पोराची मालकीन गेली म्हनं." काकू म्हणाल्या, "मालकीन कुठली? किसन्या तर हास्पिटलातच ऱ्हातो." आई परत आल्या, मला विचारलं. मी म्हटलं, "मालकीण नव्हे आई, तिथं जेवण करणारी बाई. माझ्या वाचण्यात चूक झाली." आई म्हणाल्या, "आयो, तुज्या वाचन्यात चूक?" माझ्यावर त्यांचा एवढा भरवसा.

चंद्रकले, ती बाई जन्मालाच आली नव्हती. पण तीन वर्षं झाली, दर सर्वपित्रीला आई आपल्या माणसांची पानं वाढून झाली की बाजूला एक छोटं पान मांडतात. "परक्या मुलकात मेली, आपल्या पोराला जेऊ घालायची, तिचं कोन करनार?" म्हणतात, आणि रोझबाय म्हणून पाणी सोडतात. मी भात वाढते. त्या म्हातारीला आता काय सांगू, आणि कुठून सुरुवात करू? तूच सांग.

तू आलीस की दोघी मिळून काहीतरी सांगू.

वहिनी


ब्रीझे वेर्दिएर
२६ जुलै १९६४

चंद्रकले,

तुझ्या दुसऱ्या कार्डावर एकच शब्द आहे. "कोपरा?"

बलरामनं या वेळी काही विचारलं नाही. कार्ड माझ्या हातात देऊन मान वळवली. ते जास्त लागलं.

चार दिवस कार्ड देवघरात ठेवलं होतं. दिवा लावताना दिसे, फुलं वाहताना दिसे. आज एकादशी नाही, तरी उपास केला आहे. आता लिहिते.

कोपरा मी फाडला.

त्या दिवशी दहाच्या सुमारास पत्र आलं, तेव्हा पाकीट धड होतं. चारी कोपरे धड. मी ते उन्हाकडे धरून पाहत होते, आई तूर पाखडत होत्या. "कुनाचा कागद?" "चंद्रकलेचा. कृष्णदेवचा आहे." "मग ठिव. ती आली की फोडंल." मी म्हटलं, "फोडून बघते ना आई, काही महत्त्वाचं असलं तर." आईंनी सूप खाली ठेवलं.

त्यांच्या आईला कोकणातून कागद यायचा, ही गोष्ट तू ऐकली आहेस. उसाच्या कोठीतला सरदार, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, तो वाचून दाखवायचा. आधी स्वतः मनात वाचायचा, हसायचा, मग चार माणसांत मोठ्यानं वाचायचा. कुणाच्या भावाला खरूज झाली, कुणाची बहीण नांदत नाही, सगळं. आई लहान होत्या, आईचा पदर धरून ते ऐकायच्या. त्या दिवशी मला म्हणाल्या, "विद्यावती, बंद कागद म्हंजे न्हानीतली बाई. दार लोटलेलं असलं की आत बघू नये. आपली लेक असली तरी."

अक्षर न ओळखणाऱ्या बाईनं मला, मॅट्रिक झालेलीला, हे सांगितलं. मी "बरं" म्हणून पाकीट घेऊन आत गेले. चुलीपाशी उभी राहिले. चहा उकळत होता. खालचा डावा कोपरा दोन बोटांत धरला आणि फाडला. तुकडा चुलीत टाकला. तो जळायलाही वेळ लागला नाही. मग बाहेर येऊन म्हटलं, "आई, कोपरा फाटका आहे हो!"

त्यांचा चेहरा असा उतरला की त्याच क्षणी सांगायला हवं होतं, नाही आई, माझंच चुकलं. पण त्या म्हणाल्या, "मग फोड गो, लवकर फोड," आणि मला तेच हवं होतं.

वहीतली नोंद मी नंतर लिहिली, तुझ्यासाठी. कधी विचारलंस तर दाखवायला.

गावाच्या बोभाट्याची भीती म्हणून मी मागे लिहिलं, ते खोटं. फोडेपर्यंत आत काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं, मग भीती कसली? फोडलं ते दुसऱ्याच कारणानं. ते आजवर मी देवालाही सांगितलं नाही.

या गावातलं प्रत्येक पत्र माझ्या हातून जातं. कुणाच्या मुलाचं, कुणाच्या दिराचं, कचेरीचं. मी वाचते, मी उत्तरं लिहिते. लोक म्हणतात, विद्यावती आहे म्हणून आपल्याला तोंड आहे. पण माझ्या नावानं पत्र कधी आलं नाही. माहेरचं आलं तर ते तुझ्या दादांच्या नावानं, खाली एक ओळ, विद्यावतीस आशीर्वाद. आणि त्या दिवशी निळ्या शाईनं, ठसठशीत, मिस चंद्रकला. तू सहावी झालेली. तुला अक्षरं मीच शिकवलेली, भाताच्या पेजेनं जुन्या पंचांगाचे कागद चिकटवून मीच तुझी पहिली वही केली होती. आणि साता समुद्रापलीकडून कुणीतरी नेमकं तुझंच नाव लिहिलं. मला बघायचं होतं की कुणी बाईला, फक्त तिलाच, काय लिहितं.

बघितलं. त्यानं लिहिलं होतं, तू वर्गात लहान पोरांना शिकवतेस तेव्हा कुणावर ओरडत नाहीस, आजारी माणसाला अशीच माणसं लागतात. असं मला कुणी म्हटलं नव्हतं. फॉर्मवर त्यानं तुझं नाव आधीच लिहून ठेवलं होतं, फक्त सही करायची होती. तुला द्यायचं मी उद्यावर टाकलं. मग परवावर. मग जुलै संपला. तुझ्या वतीनं त्याला नकार मी दिला, आणि तुला त्याच्याकडून नमस्कार दिला. तू मार्गशीर्षात प्लेन मान्येनला गेलीस तेव्हा मांडवात सगळ्यांत जास्त मी रडले. लोक म्हणाले, बघा वहिनीची माया.

तुझी ही दोन कार्डं म्हणजे माझ्या नावानं आलेलं पहिलं टपाल. जपून ठेवली आहेत. माझ्या लायकीचीच आहेत.

आईंना सांगेन. दिवस लिहीत नाही, कारण लिहून मोडायची मला सवय झाली आहे.

विद्यावती


ब्रीझे वेर्दिएर
२३ ऑगस्ट १९६४

चंद्रकले,

सांगितलं.

चार आठवडे लागले. रोज काहीतरी आडवं येई, म्हणजे मीच आणी. ऊसतोड सुरू झालीय, तुझ्या दादांचा डबा पहाटे द्यावा लागतो, असं. काल दुपारी आईंचे केस विंचरत होते. पाठमोऱ्या होत्या. तोंड दिसत नाही तर सांगून टाकावं, असं वाटलं, आणि मग वाटलं, हीसुद्धा चोरीच. उठून पुढे जाऊन बसले. त्यांना माझी सावलीच दिसते, तरी पुढे बसले.

"आई, एकसष्ट साली कृष्णदेवचं पत्र आलं होतं, आठवतं?"

"रोझबायचं."

"त्याचा कोपरा फाटका नव्हता. मी फाडला. तुम्ही फोडू नको म्हणालात, म्हणून चुलीपाशी जाऊन फाडला."

फणी माझ्याच हातात होती. मी सगळं सांगितलं. फॉर्म, यादी, तू का गेलीस, सगळं. मधे एकदा त्यांनी फक्त विचारलं, "चंद्राला तिकडं जायचं व्हतं?" मी म्हटलं, "ठाऊक नाही, आई. तिला कुणी विचारलंच नाही. विचारलं होतं ते मी तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही."

लांबून उसाच्या गाडीचा आवाज येत होता. मग म्हणाल्या,

"म्हंजे रोझबाय न्हवती."

"नव्हती, आई."

"आन् मी कुनाला पानी घातलं?"

त्यांनी आपले केस स्वतःच पुढे घेतले, चाचपडत वेणी घालायला लागल्या. पेड चुकत होते. मी हात पुढे केला तर तो बाजूला सारला. जोरात नाही. ताटावरची माशी सारावी तसा.

"घातलं ते घातलं," त्या म्हणाल्या. "माज्या पोरीचं जे काय मेलं, त्याला पोचलं असंल."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझे दादा घरी आले तेव्हा त्यांनाही मीच सांगितलं. ते हातपाय न धुता ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, "माझ्या बहिणीचं पत्र होतं गं ते." एवढंच. जेवताना ताट स्वतः वाढून घेतलं.

आज सकाळी आईंनी हाक मारली. वाटलं, माझ्याशी बोलतील. म्हणाल्या, "निर्मलेला बोलावनं धाड. चंद्राला कागद लिवायचाय."

मी म्हटलं, "मी लिहिते ना, आई."

"तू नको."

अठरा वर्षं त्यांचं प्रत्येक पत्र मी लिहिलं. बोलणं त्यांचं, शब्द माझे. कधीकधी त्यांनी न सांगितलेलंही मी घालायचे, चांगलं दिसावं म्हणून. त्यांना कळत असेल का, असं आज पहिल्यांदा मनात आलं.

निर्मला गुरुवारी येते म्हणाली. कृष्णदेवची बहीण माझ्या घरात बसून ते पत्र लिहिणार. तिला का बोलावलंय हे तिला मीच जाऊन सांगितलं. दारातच उभी राहून ऐकलं तिनं. मग म्हणाली, "दादा दोन वर्षं विचारत होता, चंद्रकला रागावली का. आम्ही लिहायचो, ठाऊक नाही." त्याचं लग्न झालं, ते तुला कळलंच असेल. भगवतीकाकू आतून म्हणाल्या, "कोन आलंय?" निर्मला म्हणाली, "कुनी नाय, आई."

विद्यावती


ब्रीझे वेर्दिएर
२९ ऑगस्ट १९६४

चंद्रकले,

सोबत आईंचं पत्र आहे, वेगळ्या बंद पाकिटात. ते मी लिहिलेलं नाही, आणि वाचलेलंही नाही.

गुरुवारी निर्मला आली. मी तिला दौत, टाक आणि एक कोरं पाकीट दिलं. उलटवलेलं नव्हे, नवं. लाबुतिकातून आणलं. मग तुरीच्या शेंगा घेऊन अंगणात बसले. खिडकीतून आईंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं शब्द कळायला लागले, तेव्हा परात उचलून फाटकापाशी जाऊन बसले. एकदा दोघी हसल्या. मी शेंगा सोलत राहिले. इंद्राणी धावत आली, "आई, आजी तुझ्याबद्दल सांगत्येय!" मी तिला म्हटलं, "ते पत्र आत्याचं आहे. ऐकलं असशील ते विसर." तिनं विचारलं, "मग तुला कळणार कसं?" मी म्हटलं, "नाही कळणार."

पाकीट आईंनी स्वतः बंद केलं. भाताची शितं अंगठ्यानं रगडून. मग ते माझ्या हातात दिलं. निर्मलेनं टपालात टाकलं असतं, ती तसं म्हणालीही. आई म्हणाल्या, "नको. हीच टाकंल."

वहीत नोंद केली. सासूबाईंचं, चंद्रकलेस. शेवटचा रकाना कोरा ठेवलाय. मे एकसष्टच्या नोंदीवर काट मारून खाली लिहिलं आहे, "कोपरा धड होता. मी फाडला." खाली सही केली आहे.

त्या पत्रात माझ्याबद्दल काय लिहिलंय, मला ठाऊक नाही. तुला ये म्हटलंय की येऊ नको, तेही ठाऊक नाही. गणपती दहा तारखेला बसतो, एवढं मात्र मी माझं म्हणून सांगते. ये, आणि आलीस तर या वेळी यादी तू लिही.

पाकीट देण्याआधी आईंनी ते दोन्ही हातांत धरलं होतं. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून बोटांनी चारी कोपरे एकेक करून चाचपले. मी समोर उभी होते. मग मला म्हणाल्या, "धड हायत." आणि दिलं.

तूही चाचपून बघ.

विद्यावती